एसी घेतला, फिटिंगचं कुणी सांगितलंच नाही

मंडळी, इथल्या फ्रीगंज बाजारातून घेतलेला एसी लावायला आज सकाळी मिस्त्री आला. भिंत बघून म्हणाला, "भैया, पाइप ज्यादा लगेगा, बाहर स्टँड लगेगा, वायर भी नई डालनी पड़ेगी." वरचा खर्च दहा हजारांवर गेला. दुकानात कुणी बोललं नव्हतं.

बाबा म्हणाले, "परत पाठव. इतकी वर्षं कूलरवर निघालीच ना!"

मागच्या आठवड्यात आईला स्वयंपाक करताना उकाड्यानं चक्कर आली, तिला दुपारी तरी गारव्यात पडता यावं म्हणूनच एसी घेतला होता. ती घाम पुसत बाहेर आली. "तुमची निघाली, कूलरसमोर. मी ओट्यापाशी होते." मग मिस्त्रीला म्हणाली, "लगा दो, भैया."

दुपारी आई गार खोलीत गाढ झोपली, तेव्हा बाबांनीच दार हळूच लोटून घेतलं.

तुमच्याकडे फिटिंगचा खर्च आधी सांगतात का?