शटर वैरागडे आणि बारावी खुर्ची

चार माणसं एकाच पायरीवर तीस-पस्तीस वर्षं बसली की किस्से साठवायला वेगळं काही करावं लागत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं, तर दहा बाहेर येतात.

आमची पायरी म्हणजे बरखेडा टाउनशिपच्या हॉकी ग्राउंडची तिसरी पायरी. तिथे बसते मी, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. माझं क्वार्टर गोलपोस्टच्या मागेच होतं, त्यामुळे हॉकी मी निवडली नाही, ती स्वयंपाकघराच्या काचेतून घरात आली. माझ्या शेजारी सुधाकरराव, मूळचे उज्जैनचे, करोंद मंडीत धान्याचं दुकान. पलीकडे वैरागडे वहिनी. आणि चौथे नफीसभाई, शहरातले जुने अंपायर. मॅच असली की ते मैदानात, नसली की आमच्यात.

बाकी खेळाडूंचे किस्से आम्ही हसत सांगतो. वहिनींच्या नवऱ्याचे, म्हणजे प्रभाकर वैरागडेचे सांगताना मात्र माझा आवाज चढतो. चढू दे! पंधरा वर्षं हा माणूस टाउनशिपच्या टीमचा फुलबॅक होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढची भिंत, पाठीवर चार नंबर. आणि क्लबच्या सुवर्णमहोत्सवात ज्या अकरा जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला, त्यात त्याचं नाव नव्हतं.

वहिनी सोडून आम्ही तिघं अर्ज घेऊन क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. मागणी एकच, स्टेजवर एक खुर्ची वाढवा.

"गोल कितने हैं इनके?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही. फुलबॅक होता तो," मी म्हटलं.

"और पीले कार्ड?"

नफीसभाईंनी छातीवर हात ठेवला. "बेशुमार!"

"नफीसभाई, तुम्ही कुणाच्या बाजूने आलात?" मी तिथेच ओरडले.

"सच की तरफ़ से, मैडम."

मग मी साहेबांना विचारलं की तुमच्या यादीत गोलकीपर आहे, त्याच्या नावावर किती गोल आहेत? साहेब म्हणाले, गोलकीपरची बात अलग है. अर्ज त्यांनी पेपरवेटखाली ठेवला. तो अजून तिथेच असेल.

* * *

वैरागडेला 'शटर' हे नाव कसं पडलं ते आधी सांगते.

बाहेरगावची एक टीम आली होती. त्यांचा लेफ्ट विंगर वाऱ्यासारखा पळायचा. पहिल्या दहा मिनिटांत त्याने आमच्या तीन जणांना बसवलं. चौथ्यांदा तो आला तेव्हा समोर वैरागडे होता. बॉल याने घेतला, आणि मुलगा जाहिरातीच्या बोर्डापर्यंत लोळत गेला.

मागून कुणीतरी ओरडलं, "शटर गिर गया! दुकान बंद!"

फाउल होता का? होता. थोडासा. पण त्यानंतर वैरागडे जे करायचा, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो जाऊन त्या मुलाला हात द्यायचा, त्याच्या शर्टावरची माती झटकायचा आणि अस्सल नागपुरी थाटात विचारायचा, "लागलं का बे?"

मराठी कळो न कळो, मुलगा घाबरून मान हलवायचा. नाही.

"मग उठ ना!"

* * *

नाव इतकं झालं की पुढच्या वर्षी एका टीमचा सेंटर फॉरवर्ड पायाला दोन-दोन शिनगार्ड बांधून आला. एक नडगीवर पुढून, एक पोटरीवर मागून. मोज्यांत पाय मावत नव्हते, वारूळ उठल्यासारखे दिसत होते.

टॉसच्या आधी वैरागडेने ते पाहिलं. अगदी प्रेमाने जवळ गेला.

"पीछे वाला उतार दे, भाई. मैं सामने से आता हूँ."

आता याला कुणी आडदांडपणा म्हणावं? मी तर सचोटी म्हणते! आजवर त्याने कुणाला मागून स्टिक लावलेली आम्ही पाहिली नाही, आणि नफीसभाई तर कुराणावर हात ठेवून सांगतील.

* * *

पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरचा माणूस पूर्ण ताकदीने बॉल मारणार असतो, आणि गोलमधून एक जण थेट त्याच्या अंगावर धावत जातो. आज पोरं मुखवटे, हातमोजे घालून धावतात. तेव्हा वैरागडे पांढरा बनियन आणि वर जर्सी, एवढ्यावर धावायचा.

फायनल होती. आम्ही एक-शून्यने पुढे, शेवटचं मिनिट, त्यांना पेनल्टी कॉर्नर. वैरागडे धावला. बॉल बरगडीवर. असा आवाज झाला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल मैदानाबाहेर होता आणि हा गुडघ्यावर बसून श्वास शोधत होता. मग रागारागाने उठला, समोरच्याने ढकललं म्हणून त्याला ढकललं, आणि पिवळं कार्ड घेतलं.

घरी गेल्यावर वहिनींनी शर्ट काढून पाहिलं. बरगडीवर बॉलचा गोल ठसा, बॉलवरच्या बारीक खळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर आल्या आणि खऱ्याखुऱ्या काळजीने मला म्हणाल्या, "मॅडम, हॉकीत स्टिक देतात ना? मग हे छातीने का खेळतात?"

पेपरात काय आलं होतं माहीत आहे? विनय भटनागरच्या गोलने टाउनशिप विजयी. मोठा फोटो. आणि खाली शेवटच्या ओळीत, वैरागडे यांना पिवळे कार्ड. बस! बरगडीचा 'ब' नाही. मी तो पेपर रद्दीतसुद्धा दिला नाही, जाळला. गॅस होता घरात, तरी बंब पेटवून त्यात घातला!

* * *

विनय भटनागर आमचा हिरो. खेळ बघत राहावा असा, खोटं कशाला बोलू? पण साठीनंतरही त्याचे गुडघे शाबूत आहेत, पावभाजीच्या ठेल्यापर्यंत तो अजून उड्या मारत जातो, त्याचं कारण आम्हाला माहीत आहे.

एकदा समोरच्या सात नंबरने भटनागरच्या घोट्यावर मागून स्टिक घातली. अंपायरचं लक्ष नव्हतं. भटनागर लोळतोय, आमचे सगळे ओरडताहेत. वैरागडे मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून चालत आला. धावत नाही, चालत. कुणालाही हात लावला नाही. फक्त वाकून त्या मुलाच्या पाठीवरचा आकडा वाचला.

"सात ना? ठीक."

एवढंच! दोन मिनिटांत सात नंबर पोट धरून बाहेर गेला. कोचने विचारलं काय झालं, तर म्हणाला सकाळी पोहे जड झाले.

आणि हाच भटनागर, ज्याचे पाय दुसऱ्याने पंधरा वर्षं सांभाळले, तो सत्काराची यादी निघाल्यावर गप्प! एक शब्द टाकला असता तर सेक्रेटरीने नाही म्हटलं नसतं. मी बाजारात भेटल्यावर तोंडावर विचारलं. तो भाजीच्या पिशवीकडे बघत म्हणाला, "मॅडम, कमेटी का मामला है." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण शेजारच्या शेतकऱ्याने तरी ओळखावं की नाही?

* * *

आता नफीसभाईंचं. ते माझे मित्र आहेत, पण त्यांच्यावरही माझा राग आहे.

नफीसभाईंच्या शर्टाच्या डाव्या खिशात पिवळं कार्ड असायचं. ते जवळपास वैरागडेच्याच नावाचं होतं. शिट्टी वाजली की हा वाद घालायचा नाही. कार्ड बघायचा, हात मागे बांधून सरळ उभा राहायचा, आणि टाइमकीपरच्या टेबलाजवळच्या लोखंडी खुर्चीवर जाऊन पाच मिनिटं बसायचा. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो बसला की ती त्या बाजूला कलायची.

एका मॅचमध्ये शिट्टी वाजली, नफीसभाईंनी खिशात हात घातला, तर कार्ड नाही! बेगमने शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवलं होतं.

"को ख़ां, कार्ड तो घर रह गया," ते हळूच म्हणाले. 'को ख़ां' म्हणजे त्यांचं 'काय रे बाबा'.

वैरागडेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीवर जाऊन बसला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नफीसभाई स्कूटरवरून वैरागडेच्या क्वार्टरवर हजर! हा लुंगीवर, तोंडात दातांचा ब्रश. नफीसभाईंनी दारातच खिशातून कार्ड काढून वर धरलं.

"कल का है, मियां. उसूल की बात है."

वैरागडेने ब्रश काढला, हात मागे बांधले, सरळ उभा राहिला. मग दोघांनी आत जाऊन चहा घेतला. वहिनी म्हणतात, "मला वाटलं, लग्नपत्रिका आणली."

* * *

सत्काराच्या दिवशी सकाळी सुधाकरराव मंडीकडे जाताना ग्राउंडवरून गेले. तिथून त्यांनी मला फोन केला.

क्लबने निरोप पाठवला होता की जुन्या खेळाडूंनी तयारीला हातभार लावावा. आलं कोण? वैरागडे! उजवा गुडघा गेलेला, हातात काठी, आणि दुसऱ्या हाताने स्टेजवर खुर्च्या मांडतोय. लाल मखमलीच्या. अकरा.

"प्रभाकर, अकरा मांडल्यास ना? मग बारावी मांड!" सुधाकरराव ओरडले.

हा खुर्ची पुसत म्हणाला, "स्टेज लहान आहे हो, सुधाकरराव."

मी ठरवलं की जायचंच नाही. वहिनींचा फोन आला, हे जाताहेत, तुम्ही याल ना? मग काय करणार, गेले. तिसऱ्या पायरीवर आम्ही चौघं बसलो: मी, सुधाकरराव, वहिनी आणि काठी दोन गुडघ्यांत धरून वैरागडे. नफीसभाई मात्र शिट्टी गळ्यात घालून मैदानात होते. सत्काराच्या आधी जुन्या खेळाडूंची आताच्या पोरांशी पंधरा मिनिटांची दोस्ताना मॅच होती.

* * *

मॅच मजेत चालली होती. पोरं काकांना बॉल देत होती, काका धापा टाकत होते. भटनागरने एक-दोन जुने हात दाखवले, टाळ्या पडल्या. ते एका दांडग्या पोराला झोंबलं असावं. भटनागर बॉल घेऊन वळला, आणि त्या पोराने मागून त्याच्या घोट्यावर स्टिक घातली. भटनागर तोंडावर पडला. नफीसभाई दुसऱ्या टोकाला होते, त्यांना दिसलं नाही.

मी "अरे!" म्हणेपर्यंत वहिनींच्या शेजारची जागा रिकामी होती.

पायऱ्या उतरताना गुडघा त्याला आठवला की नाही, माहीत नाही. वैरागडे काठी टेकत थेट टर्फवर गेला. पोरगं बॉल घेऊन समोरून येत होतं. याने काठी आडवी टाकली, बॉल अलगद काढून घेतला, आणि खांदा लावला. जोरात नाही. पोरगं टर्फवर बसलं.

वैरागडे वाकला, त्याचा शर्ट झटकला.

"लागलं का बे?"

"नहीं, अंकल."

"मग उठ ना!"

माइकवरून सेक्रेटरीसाहेब ओरडत होते, "ये कौन सज्जन हैं? मैदान ख़ाली कीजिए!"

तेवढ्यात शिट्टी वाजली. शहात्तर वर्षांचे नफीसभाई तुरुतुरु चालत आले. डाव्या खिशात हात घातला. पिवळं कार्ड वर.

वैरागडेने काठी बगलेत धरली, हात मागे बांधले, सरळ उभा राहिला. मग वळला आणि लंगडत टाइमकीपरच्या टेबलाकडे गेला. ती लोखंडी खुर्ची अजून तिथेच आहे. बसला, तशी ती नेहमीच्या बाजूला कलली.

टेबलावरची कॉलेजातली मुलगी गोंधळली. "सर, ये तो टीम में ही नहीं हैं. नंबर क्या लिखूँ?"

भटनागर मैदानात अजून घोटा धरून बसला होता. तिथूनच म्हणाला, "चार लिखो, बेटा."

मॅच संपली. स्टेजवरून एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. टाळ्या, शाल, नारळ. "श्री विनय भटनागर!" भटनागर लंगडत निघाला, पण स्टेजच्या दिशेने नाही. टेबलाजवळ आला, लोखंडी खुर्चीच्या पायाशी टर्फवरच बसला आणि शिनगार्ड सोडू लागला. माइकवर त्याचं नाव दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा आलं.

मुलीने घड्याळ पाहिलं. "अंकल, आपके पाँच मिनट हो गए."

वैरागडेने पाय लांब केले.

"पाँच और लिख लो, बेटी."