बिनक्रमांकाचे रंगनाथअण्णा

रंगनाथअण्णांची आणि माझी पहिली ओळख दुधाची. समर्थनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरी ते रोज सकाळी पैठण रस्त्यावरच्या बिडकीनहून सायकलवर दूध घेऊन येत. मी नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. अण्णा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. तेव्हा आमच्या घरात 'अरे रंगनाथ' अशीच हाक होती. जुने उगाळू नका, फक्त कार्याविषयी लिहा, असे या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सुचवले. मी ऐकणार नाही. अण्णांच्या कार्याची सुरुवातच त्या जुन्या गोष्टीत आहे आणि तिच्यात माझाही दोष आहे.

त्या काळी आमची एक समिती दर हिवाळ्यात हौशी सायकलपटूंची शर्यत भरवत असे. शहरातल्या क्रांती चौकातून पैठणला जायचे आणि परत यायचे. मी समितीचा चिटणीस होतो. प्रवेशअर्ज माझ्या घरी, ओट्यावरच्या टेबलावर ठेवलेले असत. एका सकाळी दूध मापून झाल्यावर अण्णांनी त्यातला एक उचलला आणि हे कुणालाही भरता येते का, असे विचारले. मी हो म्हणालो. अर्धा रस्ता तर आपला रोजचाच आहे, असे म्हणत त्यांनी तिथेच ओट्यावर बसून सावकाश, वळणदार अक्षरात अर्ज भरला.

समितीच्या बैठकीत तो अर्ज अध्यक्षांनी बाजूला काढला. ज्याचे पोट सायकलवर चालते तो धंदेवाईक; हौशी स्पर्धेत त्याला जागा नाही, असे त्यांचे म्हणणे. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. समितीतल्या दोघांची मुले परदेशी बनावटीच्या हलक्या सायकली घेऊन शर्यतीत उतरणार होती, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. सगळे गप्प बसले. मीही गप्प बसलो. अण्णांना कळवण्याचे काम माझ्यावर आले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कसेबसे सांगितले. त्यांनी शांतपणे कॅनचे झाकण लावले.

"सर, सायकलवर पोट भरतंय म्हणून मला हौस नाय, हे तुम्ही कोण ठरवणार?" ते म्हणाले. "नंबर देऊ नका. मी येणारच."

आणि ते आले. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा दीड तास आधी दूध आणले, सगळी घरे उरकली, कॅरिअरवरून कॅन उतरवून एका ओळखीच्या दुकानात ठेवले आणि आपल्या काळ्या, जड सायकलवर सर्वांच्या मागे येऊन उभे राहिले. पाठीवर क्रमांक नाही. अंगात धुतलेला पांढरा सदरा आणि पायजम्याला सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर बांधलेले.

जाताना पैठणचा रस्ता उताराचा आहे, वडांची सावली आहे. परतीला चढ लागतो आणि त्या दिवसांत समोरून वारा असतो. हलक्या सायकलींवरच्या बऱ्याच जणांचा बिडकीनच्या आसपास दम संपला. तिथे अण्णांच्या गावकऱ्यांनी पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. समितीवर चिडलेल्या काही जणांनी क्रमांकवाल्यांना पाणी द्यायचे नाही असे ठरवले होते. अण्णांनी आदल्या संध्याकाळीच त्यांना बजावले होते की, पाणी सगळ्यांना मिळेल, नाहीतर मला नको. हे मला पुष्कळ नंतर कळले, तेही त्यांच्याकडून नव्हे.

क्रांती चौकात अण्णा तिसरे आले.

वेळेची वही माझ्यापुढे होती. अध्यक्षांनी मान हलवून नको अशी खूण केली आणि मी पेन्सिल खाली ठेवली. अण्णा सायकल धरून टेबलापाशी आले. छातीचा भाता चालू होता.

"बक्षीस नको. किती वेळ लागला तेवढं सांगा."

मला सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. हे वाक्य उच्चारल्याची लाज आजही वाटते. अण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग गर्दीकडे वळून तोच प्रश्न विचारला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मनगटावरचे घड्याळ पाहून शर्यत सुटल्यापासूनचे तास आणि मिनिटे मोठ्याने सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी दुकानातले कॅन सायकलला अडकवले आणि ते बिडकीनला निघाले. संध्याकाळच्या धारा काढायच्या होत्या.

त्यानंतर मी सकाळी ओट्यावर जाईनासा झालो. दूध मात्र एक दिवसही चुकले नाही. दोन-तीन आठवड्यांनी अण्णांनी माझ्या पत्नीजवळ निरोप ठेवला, "सरांना म्हणावं, बाहेर या. भांडण शर्यतीचं हाय, दुधाचं नाय." मी बाहेर गेलो. भांडण मिटलेले नव्हते, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले आणि मग घरच्यांची खुशाली विचारली.

पुढच्या वर्षी ते पुन्हा विनाक्रमांक हजर. समितीने त्यांना हटवण्यासाठी बंदोबस्ताच्या हवालदाराला सांगितले. रस्ता सरकारचा आहे, समितीचा नाही, असे सांगून हवालदार अण्णांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या वर्षीच्या बैठकीत मला एकदाचे बोलण्याचे धैर्य आले. जो शेवटची रेघ ओलांडेल त्याची वेळ लिहिली जाणार नसेल, तर मी वही हातात घेणार नाही, असे मी सांगितले. बराच वाद झाला. एका मताच्या फरकाने अण्णांचा अर्ज मंजूर झाला. मी बातमी द्यायला स्वतः बिडकीनला गेलो. ते आभार मानतील अशी माझी समजूत होती. अण्णा गोठ्यात होते. हात धुऊन बाहेर आले, मला बाजेवर बसवले, चहा सांगितला.

"उपकार नाय केले, सर. तुमचीच चूक दुरुस्त केली," ते म्हणाले.

त्या वर्षी ते सातवे आले. वेळ लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पैठण रस्त्यावर कारखाने आले तेव्हा सायकलवर पाळीला जाणाऱ्या कामगारांना अण्णांनी दर रविवारी सरावाला बोलवायला सुरुवात केली. 'पोटासाठी चालवता तशी एक दिवस स्वतःसाठी चालवा,' एवढेच त्यांचे सांगणे असे. बाळंतपणानंतर कारखान्यात परत आलेल्या एका बाईंना सासरचे शर्यतीत उतरू देईनात, तेव्हा अण्णा त्यांच्या घरी जाऊन दारात बसले. होकार मिळेपर्यंत पाणीही घेतले नाही. त्या बाई आज या गौरवसमितीच्या कोषाध्यक्ष आहेत.

येत्या सत्कारासाठी आम्ही अण्णांना फुलांनी सजवलेल्या जीपमधून आणायचे ठरवले होते. डॉक्टरांनीही गुडघ्यांचे कारण देऊन तेच सुचवले. अण्णांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि जीप पाहुण्यांसाठी ठेवा, आपण बिडकीनहून सायकलवर निघू, असा निरोप पाठवला. सोबत निघण्याची वेळही कळवली आहे.

अण्णांचे गुडघे, श्वास आणि हट्ट असेच शाबूत राहोत. शंभरी गाठताना वाटेत 'आता पुरे' म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांत मीही असेन. अण्णा, आमच्याकडे मागे वळून न पाहता तुम्ही पुढे जा.