फुली नसलेल्या खिडक्या

अम्मानच्या एका पाककृतींच्या मासिकाची पानं अबू शिहाब एकतीस वर्षं लावत होता. मग कागद बंद झाला, मासिक फक्त मोबाइलवर निघू लागलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हा गडी पॉप-अप शिकला. फोटोवर बोट टेकवलं की छोटी खिडकी उघडते, आत कृती, व्हिडिओ, काय हवं ते. झालं! स्वारी अशी हरखली की मन्सफच्या एका ताटात त्याने सात खिडक्या बसवल्या. भाताला एक, मटणाला एक, दह्याला एक. वर भुरभुरलेल्या बदामांनाही एक, आता बदामांबद्दल काय डोंबल सांगायचं असतं?

पण या खिडक्या बंद करायची फुली मात्र कुठेच नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत तरच खिडकी आपोआप मिटायची. ऑफिसातल्या पोरींनी विचारलं तर उत्तर तयार होतं. पाहुण्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही तोच त्याला दार दाखवायचं? त्याच्या करक गावात असं कुणी केलं असतं, तर त्या घराशी सोयरीक जुळली नसती. हे तो इतक्यांदा सांगे, की पोरींनी विचारणंच सोडून दिलं.

नमुना अंक वीस वाचकांना पाठवला आणि वीसही जण खवळले. एका बाईचा भात करपला, कारण पाणी किती घालायचं ती ओळ बदामांच्या खिडकीमागे दडली होती आणि बदामांचं पुराण संपेपर्यंत खिडकी हलेना. संपादक सुहैर मॅडमनी अबू शिहाबला आत बोलावलं. त्यांचा आवाज मऊ होता, तिथेच त्याने ओळखलं, आज काही खरं नाही.

"अबू शिहाब, गुरुवारचा अंक तुम्हीच लावा. पण त्यातही लोक अडकले, तर पुढच्या महिन्यापासून पानं बाहेरची कंपनी लावेल. तुम्ही जुने अंक सांभाळा."

जुने अंक म्हणजे तळघर. तिथे माणूस बसवतात तो विसरण्यासाठीच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाहेर येऊन मात्र त्याने ऐट सोडली नाही. हल्लीच्या वाचकांना घटकाभर बसायची रीतच उरली नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी मेहुणा धाहिर घरी आला. अबू शिहाबने कडू कॉफीचं भांडं हातात घेतलं आणि वाचकांचा उद्धार सुरू केला. धाहिरने दोन कप घेतले, तीन घेतले, मग रीतीप्रमाणे मनगटाने कप हलवून पुढे केला. बस झालं, अशी त्याची खूण. पण यजमानाची गाडी सुसाट सुटलेली, त्याने चौथा कप भरला. बिचारा धाहिर प्यायला. पुन्हा कप हलवला, तर पाचवा भरला.

त्याची बायको उम्म शिहाब स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला राहवलं नाही.

"अहो, त्याने दोनदा कप हलवला. तुमच्या घरी आला म्हणून पुरे म्हणायचीही सोय ठेवणार नाही का?"

अबू शिहाब भांडं तसंच धरून उभा राहिला. तोंडातून शब्द फुटेना. असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे बायको घाबरली आणि रक्तदाबाची गोळी शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने बदामांची खिडकी काढून टाकली. जीव तुटला, पण काढली. उरलेल्या प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात त्याने कॉफीचा बिनकानाचा इवलासा कप काढला. त्यावर बोट टेकवलं की कप डुलायचा आणि खिडकी मिटायची.

गुरुवारी सकाळी सुहैर मॅडमनी सगळ्यांदेखत अंक उघडला. मन्सफवर बोट ठेवलं, दह्याची खिडकी उघडली. अबू शिहाब घड्याळाकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं, खिडकी तशीच उघडी. मेलो, कप अडकला, असं त्याच्या मनात आलं.

"मॅडम," तो चाचरत म्हणाला, "तो कोपऱ्यातला कप हलवा, म्हणजे बंद होईल."

"दिसला मला कप," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "वाचू तर द्या आधी."