ब्रेकमामांचे ढेकूळ

१९ जुलै, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. औशाजवळच्या सोयाबीनमध्ये आमचे तण काढणारे विनाचालक कोळपणी यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या बुद्धीने निघाले आणि चौतिसाव्या मीटरवर ब्रेकमामांनी लाल बटण दाबून ते थांबवले. समोर खड्डा नव्हता, दगड नव्हता, माणूस नव्हता. मी नोंदवले : हस्तक्षेप १, कारण अज्ञात.

थांबवणे हीच मामांची नोकरी होती. बिलोलीकडचे हे गृहस्थ वीस वर्षे ट्रॅक्टर चालवून आमच्याकडे आले होते. सकाळी सर्वांना ‘जय भीम’ करून ते बांधावर चपला काढत, रिमोट गळ्यात अडकवत आणि यंत्रामागे अनवाणी चालत. मी लॅपटॉप हातावर तोलत जवळजवळ धावत असे.

“म्याडम, गाडी आपोआप चालून राहिली, मग तुमी कशाला पळून राहिल्या?”

पळण्याला कारण होते. हंगामाअखेर किलोमीटरमागे सरासरी एकाहून जास्त हस्तक्षेप निघाले, तर पुण्याचे कार्यालय लातूरच्या चाचण्या बंद करणार होते. आणि त्या यंत्राची आज्ञावली मी दोन वर्षे लिहीत होते. मामांची सरासरी चार होती.

त्यांची एक सवय मला असह्य होई. शेतात शिरण्यापूर्वी ते टाचेने माती उकरत, ढेकूळ उचलत आणि खांद्याच्या उंचीवरून सोडत. फुटले, तर “चला.” नुसते चपटे झाले, तर “वाफसा न्हाई. दोन दिस थांबा.” वाफसा म्हणजे पावसानंतर रान मशागतीजोगे सुकणे. माझ्या वेळापत्रकात दोन तासही मोकळे नव्हते. त्यांचे न ऐकता यंत्र सोडले, की शेतात पुढे जाऊन ते बटण दाबत.

“चाके रुततात का, मामा?”

“न्हाई.”

“घसरतात?”

“न्हाई ओ. गाडी जाती की. गाडीचं कोण इचारून राहिलंय? रानाचं काय?”

माझ्या आज्ञावलीत जमीन दोनच प्रकारची होती : जाता येण्याजोगी आणि न येण्याजोगी. वाफशाला रकाना नव्हता, म्हणून मी ‘अज्ञात’ लिहीत असे.

पाऊस उघडून एकच दिवस झाला असताना मी एका सकाळी रिमोट मागून घेतला. “आज मी धरते.”

“धरा. पर नुसता धरू नका,” एवढेच ते म्हणाले. यंत्र सबंध किलोमीटर न थांबता गेले. हस्तक्षेप शून्य! मी बांधावरूनच अहवाल पाठवला.

बारा दिवसांनी शेताच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतले. चाकांच्या रेघांतली माती विटेसारखी वाळली होती. लगतच्या ओळी पिवळ्या, खुरट्या. मामांनी खुरपे मारले, ते टणकन परतले.

“कुणी घातलं हे ओल्या रानात?” बाई कडाडल्या.

मी तोंड उघडण्याआधी मामा म्हणाले, “माझं चुकलं, बाई. बटन माझ्यापाशी असतंय.”

परतताना मी चिडूनच दोष अंगावर घेण्याचे कारण विचारले. ते शांतपणे म्हणाले, “माझ्यावर वरडल्या, उद्या इसरतील. यंत्रावर वरडल्या असत्या, तर त्याला पुन्ना रानात घेतलं नसतं.”

मी सगळ्या जुन्या नोंदी उघडल्या. ‘अज्ञात’ असलेला प्रत्येक थांबा पावसानंतरच्या दोन दिवसांतला होता. चुकीचा अहवाल मागे घेतला, कारणे बदलली, आणि ओली जमीन चाकांवरच्या ताणावरून ओळखण्याचा नियम लिहायला बसले. यंत्र स्वतःहून थांबले, तर तो हस्तक्षेप ठरत नसे. आकडा उतरू लागला.

मामा एकदा पडद्याकडे पाहत म्हणाले, “म्हंजे यंत्र शिकलं, की मामा घरी. हाव ना?”

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत तीन शेतांची ढेकळे घेऊन आले, प्रत्येकावर चिठ्ठी. “मोजा. लवकर मोजा, वाळून राहिलीत.”

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचे काम संपले. इस्लापूरकडे हार्वेस्टर चालवायला जाताना त्यांनी रिमोट माझ्या गळ्यात घातला. “नुसता गळ्यात ठिवू नका ह्याला.”

महिनाअखेरीस, तुरीच्या रानात, शेवटची चाचणी. पुण्याहून पाहुणे आले होते. सरासरी नेमकी मर्यादेवर होती. आणखी एक हस्तक्षेप, आणि चाचण्या बंद. वरचा थर सुकल्यामुळे रानाच्या कडेवर येताना चाकांवर ताण आला नव्हता; पडद्यावर ‘जा’ म्हणणारा हिरवा रंग होता. पाहुणे घड्याळ पाहत होते. मी चपला काढल्या, टाचेने उकरले, ढेकूळ खांद्यापर्यंत नेऊन सोडले.

ते चपटे झाले.

चाके फिरण्याआधी मी बटण दाबले. मग पाहुण्यांच्या देखत, उभ्यानेच, नोंद पूर्ण केली. हस्तक्षेप : १. कारण : वाफसा नाही. कापलेले अंतर : ०.० मीटर.