भांड्यांच्या गाडीला मोठं इंजिन

आम्ही बायका लग्नाचा स्वयंपाक करतो. मी, माझी जाऊ, गल्लीतली एक अक्का आणि माझी लेक. लेक स्वयंपाकात कच्ची आहे, तिच्या भरवशावर भात सोडता येत नाही. पण गाडी तीच चालवते, म्हणून तिच्याशिवाय आमचं काम होत नाही.

गाडी म्हणजे जुनी लांबडी कार. तिला वेगळी डिक्की नाही, छत सरळ मागच्या दारापर्यंत गेलेलं. मागची अर्धी सीट पाडली की मोठी भगुणी, पराती, झारे, शेगड्या सगळं मावतं. उरलेल्या अर्ध्या सीटवर जाऊ आणि अक्का मांडीला मांडी लावून बसतात आणि सगळ्या वाटेनं भांडतात. पुढं लेकीच्या शेजारी मी.

गाडी जावयाची. तो भाड्यानं चालवायचा. तो वारला तेव्हा लेक तिच्या पोरीला आणि गाडीला घेऊन माझ्याकडं आली. तिच्या दिरांनी गाडी विकायला सांगितली, तिनं ऐकलं नाही. नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली असं लोक म्हणतात. तसं काही नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीत भगुणी मावत नव्हती म्हणून ठेवली. मग ती चालवायला शिकली. शिकताना आमच्या दारातला रांजण फोडला, तो अजून भरून दिलेला नाही.

आम्ही बौद्ध. आमचं गाव भालकी तालुक्यात. आता तुमच्या हातचं सगळ्यांना चालतं, असं गावात तोंडानं सगळेच म्हणतात. लग्नाचा स्वयंपाक मात्र सांगत नाहीत. राग नाही, जे आहे ते सांगते. म्हणून आमची कामं आमच्याच लोकांत असतात, आणि आमचे लोक काही एका जागी नाहीत. आज हुलसूर, परवा आळंद, मधेच उदगीर. गाडी दूरवर आणि भरलेली जायला पाहिजे. गाडी बसली की धंदा बसला.

आणि गाडी बसायला लागली होती. सपाटीला चालायची, चढ आला की मागून पांढरा धूर आणि पुढं बैलगाडीची चाल. एकदा बसवकल्याणच्या अलीकडं आम्ही तिघी उतरून डोक्यावर भगुणी घेऊन चढ चढलो आणि रिकामी गाडी मागून आली. त्या घरची वरात आमच्या आधी पोचली होती. नवरीच्या बापानं काही म्हटलं नाही, पण पुढच्या पोरीच्या लग्नाला आम्हाला सांगितलं नाही.

त्याच दिवसांत पुण्याहून लेकीच्या चुलतबहिणीचा फोन यायला लागला. दोन घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक, राहायला खोली. पोरीला नेता येणार नव्हतं, ती माझ्याजवळ राहिली असती. लेक रोज फोनवर "बघते, बघते" म्हणायची. एक दिवस भाकरी खाता खाता मला म्हणाली, "माय, गाडी चालली तर मी हितंच. न्हाई चालली तर जाते. मग रडायचं न्हाई."

"मी कामून रडू? जायचं तर जा," मी म्हणाले.

ते तोंडानं. पोरगी आठ दिवस आईला बघितल्याशिवाय राहील का, हेच मी रात्रंदिवस मोजत बसायची. मला काही तिला सांभाळता येत नाही असं नाही. पण आई असताना आजीनं कशाला सांभाळायचं?

हुमनाबादच्या रस्त्याला एक मेस्त्री आहे. त्याला गाडी दाखवली. त्यानं इंजिन उघडलं, बोट आत घालून माझ्यापुढं धरलं. काळं तेल.

"अम्मा, इसका काम हो गया. रिंगां गए. टर्बो सारा ऑइल पीरा," तो म्हणाला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हे मला लेकीनं समजावलं. गाडीची जी शिट्टी वाजते ती त्याचीच.

"मग दुरुस्त कर की."

"इसपे पैसे नक्को डालो. मेरे पास जीप का इंजन है, इसीच कंपनी का. उसमें बी टर्बो है, बड़ा. वो डालतूं."

"जीपचं? ह्यात? म्हशीचं काळीज शेळीत बसवतोस का रे बाबा?"

तो हसला. "बैठता अम्मा. थोडा काटना पड़ता."

थोडं कसलं, बरंच कापलं. मी लेकीबरोबर दोनतीनदा जाऊन बसले. इंजिन ज्यावर टेकतं ते लोखंड कापून नवं जोडलं. पाणी गार करायची जाळी मोठी घातली. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, कारण जीपचं इंजिन जड, गाडी नाक खाली करून उभी राहायला लागली. क्लच जीपचाच घातला. सगळं बसलं आणि बॉनेट मिटेना. मग मेस्त्र्यानं बॉनेटचा पत्रा मधोमध ठोकून वर फुगवला. गाडी घरी आणल्यावर जावेनं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"दिवस गेल्यावानी दिसायलीय की गं ही. कितवा हाय?"

"तुझं आपलं कायतरीच," अक्का म्हणाली, पण तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

इंजिनाचा नंबर बदलला की सरकारी कचेरीत सांगावं लागतं. ते लेकीनं आधीच जाऊन विचारलं होतं आणि रीतसर केलं. मला त्यातलं कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली.

रिकामी गाडी तिनं भालकीपर्यंत पळवून आणली. आली ती लग्नातून आल्यासारखी. "माय, पाय नुसता टेकवला की पळायलीय!" मी म्हणाले, भांडी भरल्याशिवाय माझ्यापुढं कौतुक करू नकोस. तिला ते बरं वाटलं नसणार. पण रिकामी गाडी काय, मीही पळवली असती.

भांडी भरून जायचं पहिलं काम कलबुर्गीच्या अलीकडं एका खेड्यात होतं. त्या वाटेला कमलापूरच्या बाजूला चढ आहेत. तिथं कळणार होतं.

आमच्याकडं लग्नात येसराची आमटी लागते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, बाकीचा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. ते पीठ म्हणजे येसर. आमटीची चव त्यातच असते. येसराचा डबा मी दुसऱ्या कुणाजवळ देत नाही. जाऊ झाकण नीट लावत नाही आणि अक्का डब्यावर पाय ठेवून झोपते. पत्र्याचा मोठा डबा मी नेहमी माझ्यापुढं, पाय ठेवायच्या जागी ठेवते आणि स्वतः सीटवर मांडी घालून बसते. चपला काढून. गाडीत पाय खाली सोडून बसायची मला सवय नाही, कमरेला कळ लागते.

सकाळी निघालो. गाडी खच्चून भरलेली, वर कॅरियरला तीन भगुणी बांधलेली. मेस्त्र्याकडं गाडीतली पायाखालची पायपुसणी तेलकट झाली होती म्हणून लेकीनं ती धुऊन कुडावर वाळत घातली होती, ती तिथंच राहिली. हुमनाबाद मागं पडलं. पहिला चढ आला.  लेकीनं गिअर बदलला. शिट्टी वाजली, जुनीपेक्षा जाड आवाजाची, आणि गाडी चढायला लागली. पुढं एक ट्रक जात होता. आम्ही त्याच्या पुढं गेलो.

"ट्रक मागं टाकला गं!" जाऊ ओरडली. "ए बाई, त्या डायव्हरकडं बघ, बघायलाय कसा!"

"त्याच्याकडं कामून बघायलीस? वय बघ आपलं," अक्का म्हणाली.

दुसरा चढ लांब होता. अर्ध्यात आलो आणि वास आला. करपल्याचा.

अक्का म्हणाली, "कशाचा वास यायलाय?"

"येसर करपलंय," जाऊ म्हणाली. "मी कालच म्हणलं व्हतं. धने लई भाजायलीस, लई भाजायलीस."

"धने मी भाजले? धने तू भाजलेस. माझ्याकडं मिरच्या व्हत्या."

"मग मिरच्या करपवल्या असतील."

"मिरच्या करपल्या असत्या तर गल्ली खोकली असती."

मी म्हणाले, येसर काल करपलं असतं तर वास काल आला असता, आज कसा येईल? त्यावर दोघी मला म्हणाल्या की डब्यात कोंडलेला वास दुसऱ्या दिवशीच बाहेर येतो. चौघीतल्या तिघी स्वयंपाक करणाऱ्या. करपल्याचा वास आला की आम्हाला चूल आणि एकमेकींचे हातच आठवणार.

 लेकीचं लक्ष समोरच्या काट्यांवर. वास वाढला. ती म्हणाली, "गप बसा गं सगळ्या. मसाल्याचा न्हाई हा. गाडी जळायलीय."

तिनं गाडी कडेला घेऊन थांबवली. चाकाला दगड लावायला जाऊ उतरली. लेक स्टिअरिंग धरून तशीच बसली. तिचा तसा चेहरा मी जावई गेला तेव्हा बघितला होता, त्यानंतर तेव्हाच.

"झालं माय," ती म्हणाली. "करते आता फोन पुण्याला."

 गाडीवर घातलेला पैसा मला आठवला नाही, लग्नघरचं जेवणही आठवलं नाही. मी एवढंच म्हणाले, "आधी मेस्त्र्याला कर."

ती उतरली, बॉनेट उघडलं, मेस्त्र्याला फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला.

"पानी का काटा किधर है?" मेस्त्री विचारत होता.

"मधीच हाय."

"धुआँ?"

"न्हाई."

"ऑइल गिरा नीचे?"

तिनं वाकून बघितलं. "न्हाई की."

"फिर जल क्या रहा?"

"तेच तर मी तुम्हाला विचारायले!"

मला उतरून तिच्याजवळ जायचं होतं. चप्पल शोधायला मी मांडी मोडून पाय खाली सोडला आणि ओरडले. खालचा पत्रा तव्यासारखा तापलेला. पाय वर ओढला. मग डबा उचलायला हात घातला तर कडीचा हाताला चटका बसला. पदरानं धरून झाकण काढलं. धुराचा लोट तोंडावर आला, खोकून डोळ्यांतून पाणी. खाली बुडाचं येसर काळं ठिक्कर.

खोकला थांबेना, तसंच ओरडून सांगितलं, "गाडी न्हाई गं! येसर जळायलंय!"

"मी काय म्हणलं व्हतं!" जाऊ बाहेरून ओरडली.

लेक धावत आली. डब्यात बघितलं, खाली हात लावून बघितला. "तू इतका वेळ ह्याच्यावर बसलीस? तुला कळलं न्हाई?"

"मांडी घातलेल्या माणसाला काय कळणार?"

फोन चालूच होता. मेस्त्र्यानं सगळं ऐकलं होतं. "अरे वो पत्रा! अम्मा, टर्बो का गरम पाइप उधरीच से जाता. आड पत्रा लगाना रह गया मेरेसे. कल लाओ, लगा देतूं. आज वहाँ कुछ नक्को रखो. पाँव बी नक्को."

"आणि येसराचं काय?" मी विचारलं.

"इंजन तो अच्छा है ना अम्मा?"

इंजिन अच्छा होतं. लेक रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि हसायला लागली. हसता हसता नाक पुसायला लागली. अक्कानं तिला पाणी दिलं. मी दिलं नाही, माझा हात भाजला होता. पण मी खरं सांगते, एवढी वर्षं हातानं रांधलं, करपलेल्या अन्नावर मी कधी खूश झाले नव्हते. त्या दिवशी झाले. डबा रस्त्याकडेला पालथा करताना मला जराही वाईट वाटलं नाही. जावेनं मात्र हळहळ केली. सगळे धने तिनंच भाजले होते, हे तिच्या तोंडून तेव्हा निघालं.

उरलेला चढ गाडी दणक्यात चढली. मी मांडी घालूनच बसले, खाली काहीच ठेवलं नाही.

लग्नघरी पोचल्या पोचल्या शेगडी पेटवून पुन्हा डाळ, गहू, धने भाजायला घेतले. त्या घरच्या बायका मदतीला आल्या. चक्कीवाला लग्नातच आलेला होता. त्याला नवीन शर्टासकट उठवून दळायला लावलं. पीठ जाडसर आलं. पंगतीत एका म्हाताऱ्यानं सांगितलं की आमटी दाताखाली लागते. मी विचारलं, दात किती राहिलेत? त्यानं आणखी वाढून घेतली.

परत येताना हुमनाबादला चहाला थांबलो. तिथंच पुण्याचा फोन आला. चुलतबहीण मोठ्यानं बोलते, मला सगळं ऐकू येत होतं. तिकीट काढायचं का, विचारत होती.

"नको," लेक म्हणाली. "मी न्हाई येणार."

"कामून? गाडी तर मरायलीय म्हणली व्हतीस."

"न्हाई मेली. भरलेली गाडी चढावर ट्रकाच्या पुढं गेली."

तिकडून काहीतरी रागाचं बोलणं आलं. लेक "हां, हां" करत राहिली. मी चहा संपवला. चहा गोड होता, नेहमी मला तिथला चहा आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्र्यानं पत्रा लावून दिला. संध्याकाळी मी अंगणात पोरीची वेणी घालत होते. लेक फोनवर कुणाशी तरी बोलत होती. बोलणं झाल्यावर सहज म्हणाली, "माय, करजगीचं लग्न घेतलं."

"करजगी? अफजलपूरची? डोकं फिरलंय का तुझं? केवढं लांब ते!"

"जाते की गाडी."

"गाडी जाते गं. माझी कंबर जाते का तिथवर?"

"मग तू राहा घरी. काकू आणि अक्का हायत."

म्हणजे आमटी जावेच्या हाती. मी पोरीची वेणी अर्धी सोडून उठले आणि लेकीला सांगितलं, की पुढच्या सीटवर जागा माझी आहे आणि ती कुणाला द्यायची नाही.