मोहिनी मॅडमची तिसरी खेप

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या इंदिरानगरला माहीत आहे. बत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. तिथं नुसतं गोड बोलून कुणाचं बाळंतपण होत नाही हो! तेव्हा ही प्रतिभा सिस्टर कुणाचं कौतुक करायला बसली, तर समजायचं, काहीतरी तसंच घडलंय. आज मी डॉक्टर मोहिनीचं कौतुक करणार आहे, आणि मधे कुणी बोलायचं नाही.

मोहिनी मखमलाबादची. आई सिंधुबाई फुलं पिकवते आणि बाजारात स्वतः बसून विकते. पोरगी एमबीबीएस झाली आणि स्त्रीरोग-प्रसूतीच्या एम.एस.साठी आमच्या हॉस्पिटलात आली. हुशार म्हणजे किती? बाळ अडू दे, बाईला झटके येऊ दे, हिचे हात न थरथरता चालायचे. लेखी परीक्षेत मार्कांचा पाऊस. आणि प्रात्यक्षिकाला पेशंटसमोर तोंडी विचारलं की नापास. एकदा नाही, दोनदा!

का, तर परीक्षकानं भुवई उचलली की बाईसाहेब उत्तर बदलायच्या. दिलेलं उत्तर बरोबर असायचं, बरं का. समोरच्यानं नुसतं "असं?" म्हटलं, की हिचं सुरू, "सॉरी सर, तसं नाही." दुसऱ्या वेळी तर कहरच केला. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला कुठलं औषध द्यायचं ते हिनं अगदी बरोबर सांगितलं. सर खोकले. हिनं औषध बदललं. अहो, माणसाला खोकला झाला होता, दुसरं काही नाही!

दुसऱ्या निकालानंतर ती ड्यूटी रूममध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "सिस्टर, आता एकच खेप. नाही जमलं तर एम.एस. सोडून देते. एमबीबीएसवर कुठंतरी नोकरी धरीन." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एवढ्या वर्षांची मेहनत गोदावरीत सोडणार? उद्यापासून दुपारी दोन वाजता इथं यायचं. परीक्षक मी."

मी काही डॉक्टर नाही. पण बत्तीस वर्षं परीक्षा बघितल्यात, प्रश्न मला पाठ आहेत. टेबलावर कापडी बाहुली, कमरेच्या हाडांचा सांगाडा, ट्रेमध्ये चिमटे. मी चष्मा नाकावर ओढायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तर आलं की तोंड वाकडं करून म्हणायचे, "नक्की?" उत्तर बदललं की दोन उठाबशा. पहिल्या दिवशी तिनं बावीस काढल्या. आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, चांगुणामावशी, दारात उभं राहून मोठ्यानं मोजत होत्या. पोट सावरत हसणाऱ्या बायकांनी व्हरांडा भरला. मोहिनी लाजेनं लाल झाली, पण दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला हजर. महिन्याभरात बावीसच्या चार झाल्या. शून्यावर मात्र कधी आली नाही, हे खोटं कशाला सांगू?

एप्रिलच्या मध्याला परीक्षा आली. परीक्षेसाठी निवडलेल्या पेशंट वेगळ्या खोलीत ठेवतात, उमेदवारांनी तिकडं फिरकायचंसुद्धा नाही. त्या बायकांची व्यवस्था माझ्याकडे. मी पडद्यापाशी उभं राहायचं, काय हवं-नको बघायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. आता सांगा, मला याहून अवघड ड्यूटी कुठली असणार!

मोहिनीच्या वाट्याला आली हर्षाली. सिन्नरकडची, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख वीस जुलै. त्या हिशेबानं दिवस भरत आलेले, अडतीस आठवडे पूर्ण. पोट मात्र चौतीस आठवड्यांचं दिसत होतं. बाळाची वाढ पोटातच खुंटली, असं सगळ्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध देऊन कळा सुरू करायच्या, हेही ठरलेलं. म्हणजे केस अगदी पुस्तकातली. ओळखायचं, सांगायचं, पास व्हायचं. पडद्याआडून कार्डाकडे बघून मी मनात म्हटलं, सुटली बाई पोरगी.

मोहिनीनं टेप लावून पोट मोजलं. कार्ड बघितलं. मग सातव्या महिन्यातली सोनोग्राफी काढून बराच वेळ वाचत बसली. त्याआधीची सोनोग्राफी नव्हतीच, हर्षालीनं नावच पाचव्या महिन्यात नोंदवलं होतं. मोहिनीनं विचारलं, "वीस जुलै ही तारीख तू सांगितलीस?"

"तारीख नाय ध्यानात राहत, मॅडम. श्रावण लागून तीन दिस झाले होते, तेवढं पक्कं हाय. मंग त्यांनी कॅलेंडर बघून लिवली."

मोहिनीचा हात टेपवर थांबला. "त्याच्या आधीच्या महिन्यात, धोंड्यात, तू कुठं होतीस?"

"माहेरी. आईनं आमच्या ह्यांना धोंडे जेवू घातले, अनारशाचं वाण दिलं. परत सासरी आलो अन् श्रावण लागला."

अहो, आदल्या वर्षी अधिक महिना होता आणि तो श्रावणातच आला होता! कॅलेंडरवर आधी अधिक श्रावण, तो जुलैत सुरू झाला. मग खरा श्रावण, ऑगस्टच्या सतरा तारखेला. लिहिणाऱ्यानं 'श्रावण' शब्द पहिल्यांदा दिसला तिथं बोट ठेवून तारीख मोजली. पण आपल्या खेड्यात अधिक महिन्याला श्रावण कोण म्हणतं? तो धोंड्याचा महिना. जावयाला जेवू घालायचा, बाकी कशात धरायचा नाही. कार्डावर अख्खा एक महिना जास्तीचा चढला होता. बाळ लहान नव्हतंच. बाळ चौतीस आठवड्यांचंच होतं, आणि उद्या सकाळी आम्ही त्याला महिनाभर आधी बाहेर ओढणार होतो. ते कार्ड चार दिवस माझ्या हातात होतं. वर मीच हर्षालीला रागावले होते, "नीट जेवत नाहीस, म्हणून पोर वाळलंय!" लाज वाटली मला. अजून वाटते.

आता मला वेगळीच धडकी भरली. मोहिनीला खरं कळलं होतं, पण परीक्षकांकडचं उत्तर दुसरंच होतं. पास व्हायला सोपा रस्ता समोर होता आणि मान तुकवायची तर तिला सवयच होती.

चार परीक्षक आले. त्यांत बाहेरगावहून आलेले मोठे सर, कपाळावर कायमची आठी. म्हणाले, "बोला. काय निदान?"

"सर, बाळाची वाढ व्यवस्थित आहे. कार्डावरची तारीख चुकली आहे."

परीक्षकांतल्या आमच्याच विभागाच्या मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं, की मी असते तर पळाले असते. सर म्हणाले, "डॉक्टर, या कार्डावर तीन सीनियर लोकांच्या सह्या आहेत. तुमचं म्हणणं नक्की?"

अगं बोल! देवा, बोलू दे हिला! मी पडदा इतका घट्ट धरला की वरची कडी निखळली.

मोहिनीनं सरांकडे सरळ बघितलं. "नक्की, सर," ती म्हणाली. मग एकदा बोलायला लागली ती थांबेचना. धोंड्याचा महिना, माहेर, श्रावणाचा तिसरा दिवस, सगळं सांगितलं. म्हणाली, "माझी आई फुलं पिकवते, सर. धोंड्याच्या वर्षी झेंडू महिनाभर उशिरा लावावा लागतो, नाहीतर दसऱ्याच्या आधीच फुलून संपतो. आमच्या घरी हा महिना विसरून चालत नाही." सर म्हणाले, "झेंडू राहू द्या. वैद्यकीय पुरावा?" तिनं सोनोग्राफी पुढं केली. "सातव्या महिन्यात बाळ कार्डापेक्षा चार आठवडे मागे होतं. आजही चारच आठवडे मागे आहे. वाढ खुंटली असती तर अंतर वाढत गेलं असतं."

"आणि तुमचं चुकलं तर? बाळ पोटात दगावलं तर?"

"म्हणून नुसती थांबणार नाही. एक दिवसाआड बाळाचे ठोके, नाळेतला रक्तप्रवाह आजच तपासायचा, दोन आठवड्यांनी पुन्हा वाढ मोजायची. सगळं ठीक असेल तर कळा सुरू करणार नाही. उद्या तर नाहीच नाही."

सर उठले, थेट हर्षालीपाशी गेले आणि म्हणाले, "काय गं, जावयाला वाण काय दिलं होतं?" हर्षाली पदर तोंडाला लावून म्हणाली, "चांदीचं निरंजन अन् तेहतीस अनारसे." तेहतीस म्हणजे धोंड्याचंच वाण! सरांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी आमच्या मॅडमना बाजूला घेतलं आणि बराच वेळ बोलले. मोहिनीला काही बोलले नाहीत, पुढचा प्रश्न चिमट्यांवर विचारला. पण दुपारी नाळेचा रक्तप्रवाह उत्तम निघाला, आणि संध्याकाळच्या आत हर्षालीच्या कागदांवरचा उद्याचा बेत खोडला गेला.

मे संपता संपता हर्षालीला आपोआप कळा आल्या. भर दुपारी, मोहिनीच्या ड्यूटीत. एकोणतीसशे ग्रॅमचा मुलगा! गालावर मांस, नखं बोटांच्या टोकापर्यंत, आणि रडणं असं की शेजारच्या वॉर्डातून माणसं डोकावली. दिवस भरलेलं बाळ होतं, कुणी शंका काढायची सोय नव्हती. मोहिनीनं त्याला हर्षालीच्या छातीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडले. चांगुणामावशी म्हणाल्या, "दोघींना झालंय काय? बाळंतीण कोण हाय हितं?"

निकाल जूनमध्ये लागला. पास! आणि हर्षालीच्या केसला त्या बॅचमधले सगळ्यात जास्त मार्क. मोहिनीनं पहिला फोन आईला लावला. दुसरा हर्षालीला, माझ्यासमोर, स्पीकरवर.

"हर्षाली, मी पास झाले गं!"

पलीकडे बाळ कुरकुरलं. मग हर्षाली ओरडली, "अगं बया! म्हंजे माझं बाळंतपण केलं तवा तुमी नापास होत्या?"

नापास हा शब्द कुणी उच्चारला की ही पोरगी कशी खाली बघायची, ते मी वर्षभर पाहिलं होतं. पण मोहिनीनं फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "होते की. दोनदा!" आणि इतकी हसली, इतकी हसली, की फोनवर हर्षाली हसायला लागली, मी हसायला लागले, आणि काय झालं म्हणून वॉर्डातल्या सगळ्या बायका आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.