आमच्या व्याह्यांची जपानी कुस्ती

जगात जे काही घडतं ते कुणीतरी माइकवरून ओरडून सांगितल्याशिवाय घडलंच नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं, की नेमका तोच माझा व्याही निघाला. हे आमचे व्याही वडूजचे. थोडं माळरान, दोन म्हशी आणि बेंबीच्या देठापासून निघणारा आवाज एवढी त्यांची इस्टेट. आसपासच्या जत्रांत कुस्त्यांचं मैदान भरलं, की निवेदनाचा माइक यांच्या हातात. पैलवान लंगोट कसतोय तोवर त्याचं गाव, वस्ताद, खुराक आणि आजोळ सगळं सांगून मोकळे. तेवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण माइक नसला तरी निवेदन चालूच. दूध उतू जायला लागलं तर गॅस बंद करायचं सोडून हे खुर्चीतूनच, "आलं, आलं, काठावर आलं! दूध काय आज ऐकत न्हाई मंडळी!" माझ्या मुलीच्या लग्नात गुरुजी मंगलाष्टकांसाठी घसा साफ करत होते, तेवढ्यात यांनी माइक ओढला. "मुलगी निघाली! सांगलीची मुलगी! उजव्या अंगानं मामा, डाव्या अंगानं करवली, आणि आंतरपाटाला भिडली!" मांडवात शिट्ट्या पडल्या. माझी बायको रडायच्या बेतात होती ती फिसकन हसली, आणि पाठवणी होईपर्यंत पदर तोंडाला लावून हसतच होती.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॉम्प्युटरसमोर बसून निवृत्त झालो. समोर बसून म्हणतोय, त्यात काय ते समजून घ्या. पण व्याह्यांच्या हिशेबी कॉम्प्युटरमधलं सगळं काही 'सांगलीच्या पावण्यांना' कळतं. त्यातून व्याही म्हणजे मानाचा माणूस. त्यांना "मला येत नाही" कसं सांगणार? तर झालं असं, की आमच्या जावयांना कॉलेजात असताना जपानी कार्टूनच्या डिस्क जमवायचा नाद होता. पुढे संसार पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून ते खोकं वडूजला आलं आणि पाठोपाठ फोन आला, "बाबा, टाकून द्या ते." बाबांनी टाकायला म्हणूनच उचललं. वरच्याच डब्यावर दोन अगडबंब गडी लंगोट लावून एकमेकांच्या अंगावर चाललेले. मला लगेच फोन. "पावणं, बसलाय का उभं हाय?"

"बसलोय. का?"

"जपानात लंगोट हाय!"

ती जपानच्या कुस्तीवरची कार्टून मालिका होती. एक बुटका पोरगा मोठमोठ्या धिप्पाड पैलवानांत उतरतो आणि एकेकाला लोळवत वर वर जातो अशी गोष्ट. जुनी, कुणाला फारशी ठाऊक नसलेली. फोनवर कुठंही सापडत नाही असं जावयांनीच सांगितलं. व्याही ती बघून हरखले, पण त्यांना ती स्वतःसाठी नको होती. ती हवी होती दादांसाठी.

दादा म्हणजे व्याह्यांचे थोरले बंधू. एके काळचे पैलवान. लग्न केलं नाही, तालीम हाच संसार. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला आणि शेतातल्या वस्तीवर खाटेला खिळले. नजरही अधू झालेली. दवाखान्यातून आणल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलायचे नाहीत, ताट आणलं तर हातानं सरकवायचे. विहीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. वस्तीवर डिस्क लावायची सोय नव्हती, म्हणून व्याह्यांनी पहिला भाग कसाबसा उतरवून पेन ड्राइव्हवर घेतला, वस्तीवरच्या टीव्हीला लावला आणि शेजारी उभं राहून सगळा मराठीत सांगितला. तासाभरानं दादा भिंतीकडून इकडे वळले. "पुढं काय झालं रं त्या पोराचं?" व्याही म्हणाले, "आदी भाकरी खावा, मग सांगतो." दादांनी भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून हिशेब ठरला. रोज एक भाग, तर रोज एक जेवण धड. भाग चुकला तर ताट परत.

आता डिस्कमधला भाग पेन ड्राइव्हवर मावेल एवढा लहान करून उतरवायचा, तर त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं. जावयांच्या, वडूजला पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते होतं, पण त्याचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. काम किती झालं ते दाखवणारी एक हिरवी पट्टी पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकते. व्याही तिच्यासमोर उभे राहून फोनवर मला निवेदन ऐकवणार. "सत्तर! सत्तर ओलांडलं! गडी दमात हाय! ऐंशी! आता मागं बगणार न्हाई! आणि काय झालं... काय झालं... पावणं, घात झाला! बसली की वो मांडी घालून!" मी म्हणायचं, बंद करून चालू करा. ते म्हणायचे, पडल्या पैलवानाला लगेच उठवू नये, जरा वारा घाला. आणि खरंच पंखा लावून कॉम्प्युटरला वारा घालायचे. संतापाची गोष्ट म्हणजे त्यानं तो चालू व्हायचा.

एकदा भाग उतरला, पण पैलवान सगळे उभट आणि काटकुळे. चित्राच्या लांबी-रुंदीची चौकट कुठंतरी चुकीची निवडली गेली होती. दादा डोळे बारीक करून बघत राहिले. "खुराक तुटला व्हय रं ह्यांचा?" व्याह्यांनी भावाला काळजी नको म्हणून जागच्या जागी ठोकून दिलं, की जपानात यंदा दुष्काळ हाय. पुढच्या भागात मी चौकट दुरुस्त करून दिली, तर सगळे पुन्हा गुबगुबीत. "पाऊस झाला वाटतं," दादा म्हणाले आणि समाधानानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या एका भागाला आवाजच भलता. डिस्कमध्ये म्हणे आवाजाचे दोन-तीन पर्याय असतात, आणि एकात मालिका बनवणारेच शेजारी बसून गप्पा मारतात. व्याह्यांनी नेमका तो उतरवला. पडद्यावर जीव खाऊन कुस्ती चाललीय आणि मागे दोन जपानी खो खो हसताहेत. व्याही रागानं लालबुंद. "ह्ये निवेदक? पैलवान घाम गाळतोय अन् ही पाहुणचाराला आल्यागत खिदळत्यात! आमच्याकडं असलं केलं असतं तर माइकची वायर गळ्यात घातली असती!" त्यांना समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि शेवटी त्यांनी एवढंच मान्य केलं, की जपानात मैदान चांगलं असतं, पण कमिटी ढिली.

एका भागाचं सगळंच जमून आलं. चित्र, आवाज, आकार, सगळं. मी तेव्हा वडूजलाच होतो. व्याह्यांनी नारळ फोडला, मला टॉवेल-टोपी दिली, आणि जिंकलेल्या पैलवानाचा सत्कार करावा तसा कॉम्प्युटरला फेटा बांधला. कोल्हापुरी, तुरा काढून. मी 'राहू द्या' म्हणत होतो, पण मानाच्या गोष्टीत व्याही कुणाचं ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी निम्म्यावर येते आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. चालू केला, पुन्हा तेच. ड्रायव्हर बदलले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, जावयांना पुण्याहून फोनवर घेतलं. कुणाला काही उमगेना. शेवटी विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवं, त्याच्या नाकातोंडावर फेटा हाय, त्यो श्वास कुटनं घील?" फेट्याखाली पेटी नुसती भाजत होती.

पण खरा घोटाळा झाला तो शेवटच्या डिस्कचा. तिच्यात बुटक्या पोराची शेवटची, मोठ्या अजिंक्यवीराशी कुस्ती. दादा आठवडाभर तेवढंच विचारत होते, "पोरगं मारतंय का न्हाई?" आणि त्या डिस्कवर ओरखडे. पट्टी पुढेच जाईना. मी फोनवर सांगितलं, टूथपेस्टचा थेंब घेऊन हलक्या हातानं पुसा. व्याह्यांना ते अपमानाचं वाटलं. "जखमंवर दात घासायचं लावायचं व्हय, पावणं?" असं म्हणून ते तडक तालमीत गेले आणि आखाड्याची तांबडी माती घेऊन आले. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली, पैलवानाच्या अंगावरची कसलीही जखम भरून काढणारी. ती त्यांनी डिस्कला रगडून रगडून लावली. मालिश करतात तशी, दोन्ही बाजूंनी.

मी धावत वडूजला गेलो. डिस्क पाहिली, तर ओरखडे दुपटीनं वाढलेले. होतं तेवढं उतरवलं. दोघे पैलवान समोरासमोर बसतात, हात जमिनीला टेकवतात, आणि तिथं चित्र थांबतं ते थांबतंच. त्याच्यापुढे काही नव्हतं. व्याही मला म्हणाले, "चला वस्तीवर." मी म्हणालो, "अहो, पण पुढं?" ते इतके गप्प होते, की मला भीती वाटली. या माणसाला गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारची वेळ. दादांच्या पाठीशी उशा लावल्या होत्या, विहीणबाई ताट झाकून उंबऱ्यात बसल्या होत्या. चित्र सुरू झालं. दोघे खाली बसले, हात टेकले, आणि थांबले. व्याही टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी आवाज सोडला. "भिडलं! भिडलं मंडळी! थोरल्यानं ढकलत नेलाय, कडंला नेलाय, पोराचा पाय रेघंवर!" देवाशपथ सांगतो, माझ्यासमोर थांबलेलं चित्र होतं, तरी मला धूळ दिसायला लागली. पोरगं वाकलं, सुटलं, पुन्हा धरलं गेलं. दादा पुढं झुकून डाव सांगायला लागले. "ढाक मार म्हणावं त्येला! ढाक!" आणि व्याह्यांचा आवाज एकदम फाटला. "मारली, दादा! ढाक मारली! पोरानं मारली कुस्ती!"

विहीणबाईंनी डोळे पुसले. मीही खिडकीकडे बघितलं. दादा पुन्हा उशांना टेकले. मग म्हणाले, "चित्र थांबलं हुतं न्हवं?"

व्याही टीव्ही बंद करायला वळले.

"मला तोंडं दिसत न्हाईत, पर हाललेलं कळतंय की रं." दादा हसत होते. "ऱ्हाऊ दे. झाक मारली पोरानं. आता माझी सांग."

"तुमची कंची?"

"उंब्रजच्या मैदानातली. माझी शेवटची. माइक तुझ्याच हातात हुता."

ती कुस्ती दादा हरले होते. इतक्या झटपट, की लोकांना नीट बसायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणे. आणि जिंकलेल्याचं नाव व्याह्यांनाच पुकारावं लागलं होतं. त्यानंतर दोघा भावांत तिचा विषय कधी निघाला नव्हता. व्याही खाटेच्या कडेला टेकले. "कशी सांगू, दादा?"

"झाली तशीच सांग. खोटं नगं." दादांनी डोळे मिटले. "फकस्त लवकर संपवू नगंस."

व्याह्यांनी सुरुवात केली, अगदी हळू आवाजात. आधी उंब्रजचं मैदान सांगितलं, हलगी सांगितली, झाडावर चढून बसलेली माणसं सांगितली. दादांचा लंगोट, दादांचा वस्ताद, दादांनी कपाळाला लावलेली माती. धारा काढायची वेळ झाली, म्हशी ओरडायला लागल्या, विहीणबाई दोनदा उठून पुन्हा बसल्या. बाहेर उन्हं पार कलली, तरी मैदानात दादा अजून उभेच होते.